सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूल, वांद्रे : अनाथालय, मैदान आणि हॉकी

मुंबईच्या वांद्रे उपनगरात, हिल रोडवरील संत पीटर चर्चलगत असलेली सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूल ही येशूसंघाची शाळा १८६३ साली स्थापन झाली. इंग्रजी माध्यमाची ही शाळा हॉकीसाठी विशेष ओळखली जाते. सर्वसाधारण लोकांना ती अभिनेते सलमान खान यांची शाळा म्हणून ठाऊक असते, हे थोडेसे अन्यायाचेच आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील आपल्या वाचकांना वांद्रे दूरचे वाटेल. परंतु ज्या जर्मन येशूसंघीय मिशनने ही संस्था उभारली, त्याच मिशनचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वळण, केंदळ या आपल्या गावांपर्यंत पोहोचले. शाळा उघडणे आणि तिच्यालगत मुलांच्या राहण्याची सोय करणे, ही त्यांची रीत दोन्हीकडे सारखीच होती.

शाळेचा आश्रयदाता संत स्टॅनिस्लॉस कोस्तका हा पोलंडमधील सरदार घराण्यातील मुलगा. वडिलांचा विरोध असताना येशूसंघात प्रवेश मिळावा म्हणून तो १५६७ साली व्हिएन्नाहून निघाला आणि जर्मनीतील डिलिंगनमार्गे रोमला पोहोचला. या प्रवासाचा मोठा भाग त्याने पायी केला. १५ ऑगस्ट १५६८ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, रोम येथे त्याचे निधन झाले. १७२६ साली त्याला संतपद देण्यात आले. खेळाडूंच्या शाळेला इतका दमदार चालणारा संत लाभावा, हा योगायोग मोठा गोड आहे.

संस्थेचा आरंभ मात्र खेळाडूंसाठी झाला नव्हता. एतद्देशीय अनाथ मुलांना आसरा व शिक्षण मिळावे म्हणून ती सुरू झाली. आमच्या मते, पुढील क्रीडापरंपरेचे मूळ येथेच शोधावे लागते. दिवसाची शाळा घंटा वाजली की मुलांना घरी पाठवू शकते. वसतिगृहाला तसे करता येत नाही. संध्याकाळी शंभरभर मुलांनी काय करावे, हा तेथे रोजचा व्यावहारिक प्रश्न असतो. त्यामुळे मैदान ही शोभेची वस्तू राहत नाही, ती दिनक्रमाची गरज होते. वसतिगृहात वाढलेल्या आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पहिल्या महायुद्धाने या कार्यावर मोठा आघात केला. इंग्रज सरकारने जर्मन धर्मगुरूंना नजरकैदेत टाकले आणि त्यांतील अनेकांना १९१६ मध्ये मायदेशी धाडले. जर्मन नागरिकांसाठीची एक मोठी छावणी त्या काळी अहमदनगरलाच होती. युद्धानंतर, १९२१ च्या सुमारास, मुंबई मिशनची धुरा स्पॅनिश येशूसंघीयांकडे आली. शाळा या सर्व उलथापालथीतून टिकली.

मुंबईच्या कॅथलिक समाजाचे हॉकीशी नाते जुने आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताने अंतिम सामन्यात ब्रिटनला ४-० असे हरविले, त्या संघात मुंबईचे गोलरक्षक लिओ पिंटो होते. सेंट स्टॅनिस्लॉसचा अलीकडचा ख्यातनाम विद्यार्थी म्हणजे वीरेन रास्किन्हा. २००१ मध्ये कनिष्ठ गटाचा विश्वचषक जिंकणाऱ्या आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या भारतीय संघांत ते होते. खेळातून निवृत्त झाल्यावर त्यांनी व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण घेतले व ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट या संस्थेत खेळाडूंसाठी काम केले. त्यांना घडविण्यात मर्झबान पटेल या पारशी प्रशिक्षकाचाही मोठा वाटा होता. पटेल यांना २०१९ साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

अशा शाळांपुढील खरी अडचण १९७६ पासूनची आहे. त्या वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानी फेकला गेला. मातीवर चेंडू उसळतो, थबकतो. तेथे मनगटाचे कसब कामी येते. कृत्रिम हिरवळीवर तो सरळ व वेगाने धावतो. तेथे दम लागतो. ९१.४ मीटर लांब व ५५ मीटर रुंद मैदानावर अशी हिरवळ अंथरायची तर काही कोटी रुपये लागतात, शिवाय पाणी व देखभाल वेगळीच. कोणत्या शाळेने हे पैसे आणावेत? १९८० च्या मॉस्को सुवर्णपदकानंतर भारताला हॉकीतील पुढचे ऑलिंपिक पदक थेट २०२१ मध्ये, टोकियोत मिळाले. या दुष्काळाची कारणे अनेक आहेत, परंतु शाळेचे मैदान आणि स्पर्धेचे मैदान यांत पडलेले अंतर हे त्यांपैकी एक नक्कीच होय.

आपल्या जिल्ह्यात गुणांची वाण कधीच नव्हती. जहीर खान श्रीरामपूरचा, तर अजिंक्य रहाणेचा जन्म संगमनेर तालुक्यातील आश्वीचा. दोघांचाही क्रिकेटमधील उत्कर्ष मात्र मुंबईच्या मैदानांवर झाला. आपल्या मिशन शाळांजवळ मुंबईकरांनी हेवा करावा अशी मोकळी जागा आहे. कबड्डी, खो-खो, धावणे यांना कोटींची हिरवळही लागत नाही. लागतो तो रोज संध्याकाळी न चुकता मैदानावर उभा राहणारा शिक्षक.

पालकांच्या माहितीसाठी : शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होतात व तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा क्रमाने पुढे जातात. विद्यार्थ्याचा प्रवेश शाळेमार्फतच नोंदविला जातो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. म्हणून स्पर्धेतील मूळ प्रमाणपत्रे जपून ठेवावीत.