उसाचा कागद, माकुळाची शाई

मावळात राहणाऱ्या माणसाकडे पाहुणे तीन कारणांनी येतात : पावसासाठी, चिक्कीसाठी आणि लेण्यांसाठी. यजमानासाठी कोणी येत नाही. त्यामुळे कार्ल्याच्या पायऱ्या मी आजवर इतक्या वेळा चढलो आहे, की एकवीरा आईलाही वाटत असावं, या माणसाचा नवस भलताच अवघड दिसतो. पाहुणे चैत्यगृहात शिरतात, मान वर करतात, "केवढं हो!" म्हणतात आणि मिसळ कुठं चांगली मिळते ते विचारतात. खरं विचारायचं ते कोणी विचारत नाही. दगडाच्या घराला लाकडाचे वासे कशाला?

डोंगरातच कोरलेल्या, सुमारे १२४ फूट लांब दालनाचं छत पडून पडणार कुठं? तरी वर सागवानी कमानी आहेत आणि दोनेक हजार वर्षं त्या कसलाही भार न उचलता आपल्या जागेवर टिकून आहेत. (नोकरीतल्या मंडळींनी हे अंगाला लावून घेऊ नये.) समोर भाज्याच्या लेण्यात जावं तर खांब आत झुकलेले. लाकडी घरात छपराचा रेटा सोसायला खांब तिरपे रोवत. दगडात रेटा नाही, पण सवय होती. कार्ल्याच्या एका शिलालेखात तर धेनुकाकटच्या सामी नावाच्या माणसानं दर्शनी दाराचं काम केल्याची नोंद आहे, आणि हा सामी सुतार होता. दगडाच्या कामावर सुतार! म्हणजे सगळा उलगडा झाला.

माणूस नव्या घरात जाताना जुन्या घराचे वासे बरोबर नेतो. पुस्तकांचा इतिहास पाहिला तर तिथंही हीच बिऱ्हाडं हललेली दिसतात. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. सोवळ्यातल्या मंडळींना शंका, की शाईत चरबी असणार. तेव्हा धर्मग्रंथांच्या शाईत त्यांनी तूप घातलं असं सांगतात. त्या काळच्या कितीतरी छापील पोथ्या आडव्या, सुट्या पानांच्या, अगदी हातानं लिहिल्यासारख्या. पुढं जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या सुबक खिळ्यांची जाडबारीक वळणं पाहा : अक्षर शिशाचं, वळण बोरूचं. शिशाला बोरूची गरज नव्हती. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना होती.

या सगळ्यात पडद्याआडचा एक माणूस असतो, तो म्हणजे खुणा करणारा. मुद्रितशोधक समासात ज्या खुणा करतो त्या छापायच्या नसतात, पाळायच्या असतात. हे ठळक, ते तिरपं, इथं नवा परिच्छेद. आम्हा बँकवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. चेकच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा ओढल्या की त्या रेघांचे पैसे होत नाहीत, पण खिडकीवर रोख पैसेही मिळत नाहीत. मजकूर वेगळा आणि मजकुराचं काय करायचं ते सांगणारी खूण वेगळी. संगणकवाले ज्याला मार्कअप म्हणतात ते एवढंच.

१९७७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डोनाल्ड क्नूथ यांच्यापुढं त्यांच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं आली. नव्या यंत्रावर जुळवलेली ती अक्षरं पाहून ते इतके खट्टू झाले, की पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी 'टेक' नावाची पुस्तक जुळवणारी खुणांची भाषाच रचायला घेतली. त्यात दहाएक वर्षं गेली. (आमच्याकडे असा माणूस असता तर पासबुकं आजही छापून व्हायची असती.) १९९१ साली फ्रान्स व्हेल्थाउस या डच गृहस्थांनी त्याच भाषेत देवनागरीची सोय केली. 'ट' हवा असेल तर रोमन 'टी'च्या आधी एक टिंब द्यायचं. ज्याला टिळकांचा 'ट' उभ्या जन्मात उच्चारावा लागला नसेल, अशा देशातल्या माणसानं त्यावर एवढी मेहनत घेतली, हे मला फार लोभस वाटतं.

इथवरचा इतिहास मला ठाऊक होता. पुढचं प्रकरण माझ्या बारा वर्षांच्या भाच्यानं शिकवलं. हा मुलगा दिवसभर 'माइनक्राफ्ट' खेळतो. स्वीडनमध्ये तयार झालेला हा खेळ २०११ साली पूर्ण स्वरूपात बाहेर पडला. ठोकळे रचून घरं, डोंगर, गावं उभारायची. आणि त्यात पुस्तकं लिहिता येतात!

"मामा, पुस्तक असं आयतं मिळत नाही. आधी ऊस लागतो."

मी कान टवकारले. ऊस लावला की त्यातून साखर आणि चेअरमन याखेरीज तिसरं काही निघतं हे मला नवं होतं. तिथं उसाचा कागद होतो. तीन कागद आणि एक चामड्याचा तुकडा घेतला की कोरी वही. लिहायला कोंबडीचं पीस, आणि शाई माकुळाची. गणपत कृष्णाजींच्या गिऱ्हाइकांनी हे ऐकलं असतं तर त्यांनी छापखान्यासकट समुद्रात स्नान केलं असतं.

एका पानावर चौदा ओळी. कायद्याची माणसं कलमासाठी जी जोडवळणाची खूण वापरतात ती § द्यायची आणि पुढं एक अक्षर : एकानं मजकूर ठळक, दुसऱ्यानं तिरपा, तिसऱ्यानं अधोरेखित, शिवाय सोळा रंग. खेळाच्या एका आवृत्तीत ही खूण सरळ लिहिता येते, दुसरीत त्यासाठी लांबलचक आज्ञा द्यावी लागते. एका खुणेनं तर अक्षरं जागच्या जागी सारखी बदलत राहतात आणि काहीच वाचता येत नाही. आमच्याकडे येणारी काही परिपत्रकं कशात लिहिलेली असतात ते त्या दिवशी कळलं. प्रतींचाही हिशेब चोख आहे : मूळ प्रत, प्रतीची प्रत असे शिक्के असतात आणि प्रतीच्या प्रतीची पुन्हा प्रत निघत नाही. साक्षांकनाचा इतका कडक कारभार मी तहसील कचेरीतही पाहिलेला नाही.

आणि शेवटी सही. लेखकानं सही करून पुस्तक मिटलं, की त्यातला काना-मात्राही कोणाला बदलता येत नाही. खुद्द लेखकालाही नाही.

मी हसत होतो, तेवढ्यात भाच्यानं त्या खेळातलं एक ग्रंथालय दाखवलं आणि माझं हसू जरा आवरलं. 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या पत्रकारांच्या संघटनेनं १२ मार्च २०२० रोजी ते उघडलं. इजिप्त, मेक्सिको, रशिया, सौदी अरेबिया आणि व्हिएतनाम या पाच देशांची त्यात सुरुवातीला दालनं होती. तिथं दाबलं गेलेलं लिखाण खेळातल्या पुस्तकांच्या रूपानं ठेवलं आहे. २०१८ साली इस्तंबूलमध्ये ज्यांचा खून झाला, त्या जमाल खाशोगींचे लेखही त्यात आहेत. वर्तमानपत्र बंद पाडता येतं, संकेतस्थळ अडवता येतं, पण मुलांच्या खेळात कोण डोकावतो? आपल्याकडे १८७८ साली देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर कायद्याचा बडगा आला, तेव्हा कलकत्त्याची 'अमृत बझार पत्रिका' रातोरात इंग्रजी झाली होती. युक्ती तीच, सोंग निराळं.

ते ग्रंथालय सव्वा कोटी ठोकळ्यांचं आहे. भव्य घुमट, रांगेनं उभे खांब. मी भाच्याला विचारलं, "हे खांब काढले तर छत पडेल?"

"छे! इथं छत पडतच नाही, मामा."

मग खांब कशाला, हे मी विचारलं नाही. सामी सुतारालाही कोणी विचारलं नसेल. भार उचलण्यासाठी ते नसतातच. आत पाऊल टाकणाऱ्याला आपण परक्या जागी नाही, हे कळावं म्हणून असतात. तुरुंगाची भीती वाटत असताना वाचायला आलेल्या माणसाला समोर पान, समास आणि खाली लेखकाची सही दिसली, तर त्याला जो धीर येईल तो नुसत्या ठोकळ्यांनी कसा येणार?

भाचा सध्या स्वतःचं पुस्तक लिहितो आहे. विषय गुप्त आहे. मी त्याला एवढंच सांगितलं, "बाळा, सही करायच्या आधी एकदा वाचून घे." बँकेतला मामा कुठल्याही जगात एवढा सल्ला देऊ शकतो.