रिव्हर्सचा दिवा आणि गिअरबॉक्सवरचा स्विच

रिव्हर्सचा दिवा मोटारगाडीला बराच उशिरा मिळाला. सुरुवातीच्या गाड्यांना पुढे तेलाचे किंवा कार्बाइडचे दिवे असत आणि मागे एक तांबडा दिवा. अंधारात गाडी मागे घ्यायची झाली तर कोणीतरी खाली उतरून वाट दाखवायचे. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मेरीसव्हिल येथे निघालेली विल्स सेंट क्लेअर ही रिव्हर्सचा दिवा घेऊन आलेल्या पहिल्या गाड्यांपैकी एक मानली जाते. फोर्डच्या कारखान्यात अनेक वर्षे काम केलेल्या चाइल्ड हॅरल्ड विल्स यांनी ती काढली होती. ही गाडी महाग होती, त्यामुळे तिच्यावरचा दिवा सामान्य गाड्यांपर्यंत लगेच पोचला नाही. पुढची कित्येक वर्षे रिव्हर्सचा दिवा ही हौसेने बसवून घेण्याची वस्तू राहिली.

असा वेगळा बसवलेला दिवा बहुधा डॅशबोर्डवरच्या साध्या स्विचने पेटे, आणि अडचण तिथेच होती. गाडी मागे घेऊन झाल्यावर चालक स्विच बंद करायला विसरे. मग मागून येणाऱ्याला समोर पांढरा दिवा दिसे आणि गाडी आपल्याकडे येते आहे की पुढे जाते आहे हे त्याला कळत नसे. बॅटरीवरचा भारही थोडा नव्हता. १२ व्होल्टवर २१ वॅटचे दोन बल्ब साडेतीन अँपिअर खेचतात. ४० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी या हिशेबाने एका रात्रीत रिकामी होते. ब्रिटनच्या नियमांनी यावर नेमके बोट ठेवले. १ जुलै १९५४ पासून वापरात आलेल्या गाड्यांत हा दिवा रिव्हर्स गिअर पडल्यावर आपोआप लागावा, नाहीतर त्याला स्वतंत्र स्विच असावा आणि दिवा चालू असल्याची खूण चालकाला समोर दिसावी, अशी अट तिथे आहे. दिवे दोनाहून अधिक नकोत आणि प्रत्येकी २४ वॅटपेक्षा मोठे नकोत, हेही त्याच नियमांत आहे.

आपोआप लागणाऱ्या दिव्याचे काम गिअरबॉक्सकडे गेले. त्याच्या आवरणाला एक आटे पाडलेले भोक असते आणि त्यात स्विच पिळून बसवतात. स्विचच्या टोकाला एक छोटी दाबखुंटी असते. रिव्हर्स गिअर टाकला की आतली सरकती दांडी ही खुंटी दाबते, स्विचमधले दोन संपर्क जुळतात आणि प्रवाह मागच्या बल्बांकडे जातो. परतीची वेगळी वायर नसते, गाडीचा पत्राच अर्थिंगचे काम करतो. रचना सुबक आहे आणि चालकाचा विसराळूपणा तिने कायमचा निकालात काढला. मात्र यासाठी एक नाजूक स्विच गाडीतल्या सर्वांत वाईट जागी नेऊन ठेवावा लागला. तिथे तेल आहे, उष्णता आहे, सततची थरथर आहे आणि रस्त्यावरचे पाणी खालून उडते. जुन्या गाड्यांत या दिव्याचे जे बिघाड होतात, त्यांतले बरेचसे या एका निर्णयातून आलेले आहेत.

कायद्याने हा दिवा सक्तीचा व्हायला आणखी वेळ लागला. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस संघीय मानक क्रमांक १०८ आले आणि नव्या मोटारींना तो आवश्यक ठरला. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा या दिव्यांविषयीचा नियम २३ हा १९७१ चा. ब्रिटनच्या वार्षिक वाहन तपासणीत हा दिवा २०१८ मध्ये आला, तोही १ सप्टेंबर २००९ पासून वापरात आलेल्या गाड्यांपुरता. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी गाडीच्या मागच्या बाजूला तांबड्याखेरीज दुसरा उजेड दाखवायला मनाई केली आणि मोजक्या अपवादांत गाडी मागे घेतानाचा पांढरा दिवा धरला.

भारतात त्याआधी या कामाला माणूस होता. ट्रकचा क्लीनर मागे उभा राही, बाजूच्या फळीवर थाप मारत ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणे आणि थांबायचे झाले की जोराने दोन थापा देई. मोटारींची गोष्ट वेगळी होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ११००, जिला १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले, आणि उत्तरपाड्याची अँबॅसेडर या दोन्ही गाड्यांना अनेक वर्षे गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली होता. तिथून गिअरबॉक्सपर्यंत लांब सळया आणि सांधे जात. सांध्यांतले बुश झिजले की दांडा हाताला पूर्ण गेल्यासारखा वाटे, पण आतली दांडी थोडी अलीकडेच थांबे. अशा रचनेत रिव्हर्सचा स्विच असला तर गाडी मागे जाते आणि दिवा मात्र लागत नाही. हा दोष वायरिंगमध्ये शोधून कधीच सापडत नाही.

जुन्या वायरमन मंडळींची तपासाची रीत या सगळ्या अनुभवातून घडली. अवजार एकच, टेस्ट लॅम्प: एक बल्ब, दोन वायरी, एकीला चिमटा आणि दुसरीला टोक. आधी हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद ठेवून चावी फिरवायची आणि रिव्हर्स टाकायचा. एकच दिवा लागत नसेल तर दोष त्याच बाजूला, म्हणजे बल्ब, होल्डर किंवा अर्थिंग. कोकणात आणि मुंबईत हे अर्थिंग फार लवकर दगा देते, कारण पावसाचे पाणी दिव्याच्या रबरातून आत शिरते आणि पत्रा गंजतो. सँडपेपरने घासून वायर पुन्हा घट्ट केली की बहुतेक वेळा काम होते. दोन्ही दिवे बंद असतील तर फ्यूजकडे वळायचे. फियाटमध्ये टोकदार सिरॅमिक फ्यूज असत. ते वितळले नसले तरी टोकांवर हिरवा थर चढून प्रवाह अडे, आणि नुसते फिरवून बसवले तरी दिवा लागे. उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची सवय मात्र घातक होती. तिने गाड्यांचे वायरिंग जळाले आहे.

फ्यूज ठीक असेल तर गाडीखाली जावे लागते. स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडल्या आणि दिवा लागला, तर पुढची-मागची वायर, बल्ब, अर्थिंग सगळे निर्दोष ठरते आणि दोष स्विच किंवा गिअरची दांडी यांच्यातच उरतो. मग स्विच काढून खुंटी बोटाने दाबायची. काही गिअरबॉक्समध्ये स्विच तेलाच्या पातळीखाली असतो, म्हणून आधी खाली भांडे ठेवायचे. बोटाने दाबल्यावर स्विच चालतो आणि जागेवर बसवल्यावर चालत नाही, तर वॉशर बघायचा. जाड वॉशर घातला की खुंटी दांडीपर्यंत पोचत नाही. वॉशर घातलाच नाही तर खुंटी कायम दाबलेली राहून दिवा पुढे जातानाही जळत राहतो, किंवा स्विच फुटतो. वायरी जोडूनही दिवा लागला नाही तर डिकीच्या बिजागरीजवळची वायर तपासायची. झाकण उघडमिट करून ती वरच्या आवरणाच्या आत तुटलेली असते आणि बाहेरून धड दिसते.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. तिच्या गिअरचा दांडा खाली होता आणि सांधे कमी, त्यामुळे सळयांचा दोष मागे पडला. पण पुढच्या वर्षांत नवी हौस आली, गाडी मागे घेताना वाजणाऱ्या धुनांची. धून वाजवणाऱ्या डब्याची वायर थेट रिव्हर्सच्या बल्बच्या वायरीला पिळून जोडत आणि वर चिकटपट्टी गुंडाळत. पुढे ही जोडणी सैल होऊन दिवाही बंद पडे. पुण्याच्या नाना पेठेतून किंवा कुर्ल्यातून आणलेला स्विच बदलण्याआधी असा एखादा डबा लावलेला आहे का हे पाहणे म्हणूनच शहाणपणाचे ठरले. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना रिव्हर्सचे सेन्सर सक्तीचे झाले. जुन्या गाडीला असे सेन्सर बाहेरून बसवताना त्यांचा प्रवाह बहुधा रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरीतूनच घेतात. त्यामुळे दिवा आणि सेन्सर दोन्ही एकदम गप्प झाले, तर तपास फ्यूजपासून आणि गिअरबॉक्सवरच्या त्याच दोन वायरींपासून सुरू होतो.