शालेय इतिहास आणि उषवदाताचा हिशेब

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना सहलीची मुले आजही 'पांडवलेणी' म्हणतात. ती पांडवांनी कोरल्याचे तेथील एकाही ब्राह्मी लेखात नाही. १० क्रमांकाच्या लेण्यात मात्र नहपानाचा जावई उषवदात याचे दान नोंदलेले आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे त्याने २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाचे २४० होतात. त्यातून वर्षावासातील २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. राजघराण्याने विश्वासाने ठेव ठेवावी अशी पत विणकरांची होती, हे पाठ्यपुस्तकातील सनावळीतून मुलाला कसे कळावे? शिक्षकांनी हा गुणाकार लेण्यासमोरच करवून घ्यावा, असे आम्हांस वाटते. मुद्दल परत करावयाचे नव्हते. व्यवहार निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदविला गेला होता.