ड जीवनसत्त्व आणि उतारवयातील स्त्रियांची हाडे

अन्नातील कॅल्शियम आतड्यांतून शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. त्वचेवर उन्हातील अतिनील-ब किरण पडले की ते तयार होते. पुढे यकृत आणि मूत्रपिंडात त्याचे कार्यक्षम रूप बनते. ते कमी पडले तर रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांतले कॅल्शियम काढून घेते. उणीव तीव्र झाली की हाडे मऊ होतात. हाडे विरळ व ठिसूळ होणे हा याहून वेगळा विकार असून रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्यामुळे तो बळावतो. एकाच स्त्रीत हे दोन्ही असू शकतात.

उदाहरण म्हणून पनवेल घेऊ. ते सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. उन्हाला तोटा नाही. उणीव येते ती राहणीतून. भातलावणी, मिठागरे, मासळी वाळवणे ही इथली जुनी कामे उघड्यावरची. 1970 मध्ये नगरे वसवणारी सिडको स्थापन झाल्यावर नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर अशा वसाहती उभ्या राहिल्या आणि अनेक घरांचे अंगण गेले. बंद काचेतून अतिनील-ब किरण जवळजवळ येत नाहीत, म्हणून खिडकीशी उन्हात बसलेल्या आजींना ऊब मिळते, जीवनसत्त्व नाही. त्यातच जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले, सावळ्या त्वचेला ऊन अधिक वेळ लागते आणि वयाबरोबर त्वचेची निर्मितीक्षमताही घटते.

राहणीमुळे येणारी ही उणीव महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच दिसली होती. 1921-22 च्या सुमारास संशोधक एच. एस. हचिसन यांनी पी. टी. पटेल व एस. जे. शाह या सहकाऱ्यांसह नाशिकमधील मुडदूस आणि मोठ्या वयातील त्याच्या रूपाचा अभ्यास प्रसिद्ध केला. खात्यापित्या पण स्त्रियांना पडद्यात ठेवणाऱ्या घरांत विकार अधिक आढळला. उन्हात राबणाऱ्या गरिबांत, आहार निकृष्ट असूनही, कमी. पडदा गेला तरी घरात कोंडलेले म्हातारपण आजही तोच परिणाम करते.

गोळ्यांबाबत मात्र तारतम्य हवे. 1992 मध्ये फ्रान्समधील वृद्धाश्रमांतील 3,270 स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. रोज 800 एकके (आययू) ड जीवनसत्त्व आणि 1,200 मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांत खुब्याचे अस्थिभंग स्पष्टपणे घटले. उलट 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील सुमारे 26 हजार सर्वसामान्य प्रौढांच्या चाचणीत रोजच्या 2,000 एककांनी अस्थिभंग कमी झाले नाहीत. 2010 च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत तर वर्षातून एकदा 5 लाख एकके घेतलेल्या वृद्ध स्त्रिया अधिक पडल्या आणि त्यांची हाडेही अधिक मोडली. लाभ होतो तो उणीव असणाऱ्यांना. औषधाच्या दुकानात सहज मिळणारी 60 हजार एककांची पुडी डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घेणे घातक आहे. रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते.

कॅल्शियम आहारातूनही मिळते. नाचणीत 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेली आणि दूधही उपयोगी. चालणे, उठबस, पुरेशी प्रथिने आणि न्हाणीघरात धरायला दांडा यांचे मोल गोळीहून कमी नाही.

साध्या पडण्यानंतर खुबा दुखून पाय टेकता येत नसेल, तर मालीश करणाऱ्याकडे किंवा हाड बसवणाऱ्याकडे न नेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. खुब्याच्या अस्थिभंगावरील शस्त्रक्रिया शक्यतो 48 तासांच्या आत व्हावी लागते.