देवळाच्या छायेतील तालीम

आपल्या देवस्थानांचे वृत्तांत लिहिताना मूर्तींचे स्थलांतर, देवळांचे जीर्णोद्धार, उत्सवांचा क्रम व महाजनांचे हक्क यांचा परामर्श सविस्तर घेतला जातो. १८८६ साली व पुन्हा १९३३ साली पोर्तुगीज सरकारने माझानियांची नियमावली लागू केल्यामुळे महाजनांची नावे तरी वह्यांत सुरक्षित राहिली. परंतु याच देवळांच्या छायेत, लहान लहान घरांच्या ओसरीवर, पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या संगीताच्या शिकवणीची वही कोणी ठेविली नाही. तिचे अल्पसे स्मरण करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही शिकवणी मुख्यतः कलावंत कुटुंबांत होई. देवळातील गायन-वादनाची सेवा त्यांच्याकडे असल्यामुळे विद्या हेच त्यांचे वतन होते. मुलामुलींच्या कानांवर सूर पाळण्यातच पडे. जाणत्या वयात पाऊल पडताच खर्ज लावणे, पलटे घोटणे, हाताने ताल धरणे असा क्रम सुरू होई. कागदाचा संबंध नव्हता. चीज गुरुमुखातून येई आणि ती कंठात पूर्ण उतरल्याखेरीज दुसरी मिळत नसे. घरातील पुरुष बहुधा सारंगी वा तबला धरीत. त्यामुळे गायनाबरोबरच साथीचेही शिक्षण त्याच छपराखाली मिळे. लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर हे याच परंपरेचे फळ. हातापायांनी एकाच वेळी निरनिराळे ताल धरून दाखविणारा हा पुरुष १९५३ साली निवर्तला. पण लयीच्या हिशेबात त्यांचा दाखला आजही दिला जातो.

घरची विद्या संपली की पुढची पायरी चढण्यासाठी गुरूच्या शोधात निघावे लागे. १८९२ साली फोंडा महालातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर आठव्या वर्षी कोल्हापुरास गेल्या व अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांची तालीम मिळाली. परंतु बुवा फिरते असल्याने ती अखंड राहिली नाही. पुढे मुंबईस भास्करबुवा बखले यांचेही मार्गदर्शन लाभले. अखेर १९२१ च्या सुमारास अल्लादियाखाँसाहेबांचा गंडा बांधल्यावर दीर्घ तपश्चर्येस आरंभ झाला. प्रारंभीच्या शिष्याला गुरू गावातच सापडे. पुढे जाणाऱ्याला मात्र गाव, घर आणि पुष्कळदा सारी मिळकत सोडावी लागे, हे या एका चरित्रावरून स्पष्ट होते.

कुर्डीच्या मोगूबाईंची वाटही अशीच खडतर होती. बालपणीच मातृवियोग, मग नाटकमंडळीतील दिवस, आणि त्यानंतर सांगली येथे अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीचा लाभ. एकाच गुरूच्या या दोन शिष्यांनी विद्यादानाच्या दोन रीती दाखविल्या. केसरबाईंनी शिष्या म्हणून स्वीकारल्या त्या एकट्या धोंडूताई कुलकर्णी. मोगूबाईंनी कन्या किशोरी आमोणकर यांना घडविलेच, शिवाय कमल तांबे, कौसल्या मंजेश्वर, पद्मा तळवलकर यांनाही विद्या दिली. कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले; त्या गावाचे नाव मात्र शिष्यपरिवाराने वर राखिले.

देवळाच्या परिसरात ही विद्या जातीचे कुंपणही ओलांडीत असे. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांना आरंभीचे धडे बाबा माशेलकरांनी दिले. त्याच मंगेशीतील कीर्तनकार पुरोहितांचे पुत्र जितेंद्र अभिषेकी गिरिजाबाई केळेकरांपाशी शिकले. पुरोहिताच्या मुलाने गायिकेपुढे शिष्य म्हणून बसावे, ही त्या काळच्या गोमंतकात लहानसहान गोष्ट नव्हती. बोरी येथे जन्मलेले तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांनी संगीताचा ओनामा आईपाशी गिरविला व पुढे मधुकर पेडणेकर ऊर्फ पी. मधुकर यांच्याकडे हार्मोनियमची तालीम घेतली.

याच भूमीत चर्चच्या शाळांतून दुसरी एक परंपरा चालत होती. तेथे मेस्त मुलांना सोल्फा व व्हायोलिन शिकवी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस याच मातीतले. मुंबईत प्यारेलाल त्यांच्यापाशी व्हायोलिन शिकले. एका परंपरेत लिपी होती, दुसरीत स्मरण. पण समोरासमोर बसून एकाने एकाला द्यावे, हे सूत्र दोहींत एकच.

विसाव्या शतकात चित्र पालटले. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. भातखंड्यांनी बंदिशी स्वरलिपीत छापून सर्वांस खुल्या केल्या. १९३१ साली स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकापासून अलंकारापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी नेतात. गोव्यात १९७० साली कला अकादमी स्थापन झाली. यामुळे कोणत्याही घरातील मुलामुलीला स्वर शिकण्याचा मार्ग मोकळा झाला, हा लाभ अमोल आहे. पूर्वीच्या एकान्त शिकवणीबरोबर कित्येक चिजा गुरूंच्या चितेवर गेल्या, हेही विसरता कामा नये.

तथापि जुन्या शिकवणीत एक गोष्ट होती, ती परीक्षेने भरून निघत नाही. जे घरी शिकले ते लगेच देवापुढे म्हणावे लागे. पालखी, कीर्तन, भजनी सप्ताह यांतून नवशिक्याला जाणते श्रोते आपोआप मिळत. चूक तेथेच उमगे, धीटपणा तेथेच येई. आज वर्गात शिकणाऱ्यांना गुरू आहेत, पुस्तके आहेत, प्रमाणपत्रेही आहेत. ऐकणारा तेवढा दुर्मीळ झाला आहे. सभामंडप आपलेच आहेत. महिन्यातून एक सायंकाळ त्या प्रारंभिक व प्रगत विद्यार्थ्यांच्या सेवेसाठी राखून ठेवणे महाजनांस अवघड नाही.

दुसरे कर्तव्य ऋणाचे. ज्यांनी ही विद्या राखली, त्यांची नावे महाजनांच्या वहीत कधी आली नाहीत. सेवेकरी म्हणून त्यांना मंडपात जागा होती, कारभारात नव्हती. त्यांच्या सुरांवर आपले उत्सव शोभले आणि गोमंतकाची कीर्ती पसरली. जुनी जाणती माणसे आहेत तोवर प्रत्येक देवस्थानाने आपल्या गायक-वादकांची, त्यांच्या गुरूंची व शिष्यांची नावे विचारून लिहून ठेवावीत. ही वही उशिरा उघडली तरी चालेल, पण ती उघडली जावी. श्रींच्या चरणी एवढीच प्रार्थना.