मधुमेहींच्या न भरणाऱ्या जखमा आणि हायलुरोनिक आम्ल

मधुमेहात पायाची लहानशी जखमही अनेकदा महिनोन् महिने भरत नाही. मज्जातंतू निकामी झाल्याने रुतलेला काटा किंवा चपलेचा चावा जाणवत नाही. रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने जखमेला पुरेसा रक्तपुरवठा होत नाही आणि वाढलेल्या साखरेमुळे जंतुसंसर्ग बळावतो. उपचारांस विलंब झाल्यास पाय कापण्याची वेळ येऊ शकते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत.

बधिर पायांचे व्रण वर्धा जिल्ह्याला नवे नाहीत. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्यानजीक दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे कार्य सुरू केले. सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधी कुष्ठरुग्ण परचुरे शास्त्री यांची शुश्रूषा स्वतः करीत. कुष्ठरोग आणि मधुमेह यांची कारणे भिन्न असली, तरी संवेदना हरपल्याने तळव्यावर होणाऱ्या व्रणांचे स्वरूप बरेचसे सारखे असते. म्हणूनच व्रणावरील शरीराचा भार कमी करणे दोन्हींत अत्यावश्यक ठरते.

हायलुरोनिक आम्ल हा त्वचा, सांधे व डोळ्यांत निसर्गतः आढळणारा, शर्करेच्या रेणूंची लांब साखळी असलेला पदार्थ आहे. कार्ल मेयर व जॉन पामर यांनी १९३४ मध्ये तो गाईच्या डोळ्यातून वेगळा केला. पूर्वी तो कोंबड्याच्या तुऱ्यापासून मिळवीत. आता प्रामुख्याने जिवाणूंच्या साहाय्याने तयार होतो. तो पाणी धरून ठेवत असल्याने जखम ओलसर राहते, तसेच नव्या पेशींच्या वाढीला व हालचालीला मदत होते. मलम, जेल व पट्टीच्या स्वरूपात तो वापरला जातो.

काही लहान चाचण्यांत या उपचाराने व्रण लवकर भरल्याचे आढळले. मात्र मोठ्या व दर्जेदार चाचण्या मोजक्याच आहेत. त्यामुळे हा मूळ उपचारांना पूरक उपाय होय, पर्याय नव्हे. साखरेवर नियंत्रण, मृत ऊती काढणे, संसर्गावर औषधोपचार, रक्तपुरवठ्याची तपासणी आणि भार कमी करणारे पादत्राण यांना प्राधान्य हवे.

मधुमेहींनी रोज तळवे व बोटांमधील बेचके तपासावेत. शेतात वा घरात अनवाणी चालू नये. जखम काळी पडल्यास, तिला दुर्गंधी वा सूज आल्यास अथवा ताप आल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालये आहेत.