लाकडाचं तेलपाणी

दाराला, खिडकीला ‘रोगण लावणं’ हा शब्दप्रयोग आपल्या मराठीत इतका रुळला आहे, की तो बाहेरून आला असेल असं कोणाच्या मनातही येत नाही. शब्द मूळचा फारसी. ‘रौगन’ म्हणजे तेल, तूप, कोणताही स्निग्ध पदार्थ. युनानी औषधांच्या दुकानात मिळणारं ‘रोगन बदाम’ म्हणजे बदामाचं तेल. आज रोगण म्हटलं की डोळ्यांपुढं डब्यातला चकचकीत रंग येतो. पण लाकडाचं रक्षण एके काळी तेलावर चालत होतं, ही आठवण या शब्दानं जपून ठेवली आहे.

आमच्या शिराळ्याकडं पाऊस दोन तऱ्हेचा. पूर्वेला बेताचा आणि पश्चिमेला, चांदोलीच्या डोंगराकडं सरकाल तसा, धो धो. पावसाळ्यात लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात तेच आक्रसतं. या फुगण्या-आक्रसण्यात पोळपाट तडकतो, रवीची पाकळी सुटते, काठवटीला चीर जाते. जाडजूड तुळईला हे सोसतं. लहान वस्तूला सोसत नाही, कारण तिच्या अंगात जाडी नसते आणि ती रोज पाण्यात जाते. म्हणून लहान वस्तूला तेलाची गरज अधिक.

या वस्तू घडवणारा सुतार गावगाड्यातला बलुतेदार. सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर १८८५ साली निघालं, तेव्हा शिराळा पेटा सातारा जिल्ह्यातल्या वाळवे तालुक्यात मोडत होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. त्या जुन्या व्यवस्थेत सुताराला धान्याचं बलुतं मिळे ते प्रामुख्यानं नांगर, कुळव, पाभर यांच्या कामाबद्दल. लाटणं, पाट, पांगुळगाडा, पोरांचा भोवरा ही कामं त्यातून सवड काढून व्हायची. वाकस, पटाशी आणि रंधा चालवून तो वस्तू हातात देई. तिला पुढं जपायचं काम घरातल्या माणसांचं.

तेल तर शेतातच होतं. ज्वारीच्या कडेनं काटेरी करडईचे तास पेरायचे, म्हणजे जनावरं आत शिरत नसत. कुंपणही झालं आणि तेलही मिळालं. रब्बीत जवसही असे. आता गंमत अशी, की लाकडाच्या दृष्टीनं सगळी तेलं सारखी नाहीत. खोबरेल किंवा शेंगतेल लाकडाला लावलं, तर ते तसंच ओलं राहतं, धूळ धरतं आणि काही दिवसांनी खवट वास मारतं. जवसाचं तेल मात्र सुकतं. हे सुकणं पाण्यासारखं उडून जाणं नव्हे. हे तेल हवेतला प्राणवायू ओढून घेतं, त्याचे कण एकमेकांना जखडले जातात आणि लाकडाच्या छिद्रांत घट्ट थर तयार होतो. त्यामुळं सुकलेलं तेल वजनाला ओल्या तेलापेक्षा जड भरतं! करडईचं तेलही सुकतं, पण जरा सावकाश. दख्खनमध्ये करडईचं तेल आचेवर जाळून काळं, चिकट करत आणि विहिरीवरच्या मोटेच्या कातड्याला, दोरांना फासत. सतत पाण्यात राहणाऱ्या वस्तूचं त्यानं रक्षण होई.

ही विद्या फार जुनी आहे. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या लेण्यांमधल्या चित्रांची शास्त्रज्ञांनी तपासणी केली. काही लेण्यांतल्या रंगांमध्ये सुकणारं तेल वापरलेलं आढळलं, हे २००८ साली जाहीर झालं. ती चित्रं सातव्या शतकाच्या सुमाराची. तैलरंग ही युरोपची देणगी असं आपण शिकत आलो; त्याच्या कित्येक शतकं आधी आशियातल्या चित्रकारांना तेलाचा हा गुण ठाऊक होता.

जवसानं पुढं व्यापाराचं राजकारणही पाहिलं. क्रिमियाच्या युद्धात (१८५३ ते १८५६) रशियाकडून इंग्लंडला जाणारं जवस अडलं आणि हिंदुस्थानातल्या जवसाची मागणी वाढली. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर तेलबियांची जहाजं आणखी वेगानं जाऊ लागली. तिकडच्या कारखान्यांत त्या तेलाचे रंग, व्हार्निश आणि लिनोलियमची जमीन तयार होई. बी इथून जायचं आणि डबाबंद माल इकडं यायचा. कापसाची कहाणी आपल्याला पाठ आहे. जवसाची तशीच, पण ती कोणी सांगत नाही.

डब्याबरोबर एक धोकाही आला, जरी त्याची मुळं जुनी आहेत. कच्चं जवस तेल सुकायला बरेच दिवस लागतात. ते लवकर सुकावं म्हणून तेलात शिशाचं संयुग घालून उकळत. हे संयुग म्हणजे आपलं मुरदाडशिंग. हाही शब्द फारसीतूनच आलेला. शिसं मुलांच्या मेंदूला घातक, आणि लहान मूल तर खेळणं पहिल्यांदा तोंडात घालतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ साली निघाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू झाले. आज दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या जवस तेलातही बहुधा कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंची संयुगं असतात. ते दाराला ठीक. पोळपाटाला, डावाला, बाळाच्या खुळखुळ्याला घाण्याचं साधं जवस तेलच लावावं. ज्याची आपण चटणी खातो, त्याच बियांचं ते तेल.

लावायची रीत सोपी आहे. वस्तू पूर्ण कोरडी हवी. काचकागदानं घासून, धूळ पुसून, फडक्यानं तेलाचा पातळ हात द्यावा. अर्ध्या तासानं वर राहिलेलं तेल कोरड्या फडक्यानं पुसून काढावं. तेल वर साचू दिलं की ते चिकट राहतं. मग वस्तू वाऱ्यावर ठेवून चार-सहा दिवस थांबावं आणि पुन्हा हात द्यावा. असे तीन हात पुरेत. पुढं वर्षातून एकदा. लाखेचं पॉलिश वर बसतं आणि ओरखडा पडला की दिसतं. तेल आत मुरतं, म्हणून ते कोणालाही घरी पुन्हा लावता येतं. मिरजेच्या सतारीला कारागिराचं पॉलिश लागतं. लाटण्याला घरचा हात पुरतो.

एक सावधगिरी मात्र जीवाच्या मोलाची आहे. जवस तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. सुकताना तेल गरम होतं आणि फडक्याच्या गुंडाळीत ती उष्णता कोंडून आपोआप पेट घेते. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरातल्या ३८ मजली ‘वन मेरिडियन प्लाझा’ इमारतीला आग लागली. लाकडी तावदानांना तेल लावून ठेवलेल्या फडक्यांपासून ती सुरू झाली आणि अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात मरण पावले. फडकं पाण्यात बुडवून ठेवावं, किंवा दोरीवर उघडं पसरून वाळवावं. पूर्वी याला तेलाच्या फडक्याला भूत लागलं म्हटलं असतं. कारण साधं रसायनाचं आहे.

हे सगळं आज सांगायचं कारण, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा-वारणेच्या काठच्या घरांत पाणी शिरलं, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा शिरलं. भिजलेली लाकडी वस्तू घाईनं कडक उन्हात ठेवली की ती तडकते आणि मग चुलीत जाते. सावलीत संथपणे वाळवून तिला तेल दिलं, तर पुष्कळदा ती वाचते. तसं जुनं लाकूड आता पुन्हा मिळणार नाही. चांदोलीचं जंगल १९८५ साली अभयारण्य आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं, ते योग्यच झालं. म्हणून घरात असलेलं सागाचं, शिसवीचं जे काही आहे, तीच आपली शिल्लक.

करडईचं क्षेत्र घटलं आहे, जवस तर शोधावं लागतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याच्या करडईचे वाण तयार केले, तेव्हा निदान एक वाट खुली आहे. तेल मिळेल. ते किती लावायचं, कधी पुसायचं हे बोटांना कळलेल्या सुताराच्या पिढीतले थोडे जण मात्र अजून आपल्या गल्लीत बसलेले असतील. त्यांच्याजवळ तासभर जाऊन बसायला हरकत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)